एकतिसाव्या पानावरची खूण

१

आमच्या वाचनालयात पुस्तकांवर लिहायला सक्त मनाई आहे. तशी पाटी आहे, आणि ती मीच रंगवून घेतलेली आहे. तरीही आमच्याकडची जवळजवळ सगळी पुस्तकं खुणांनी भरलेली आहेत, आणि त्यातली एकही खूण मी आजवर खोडलेली नाही.

त्याचं असं आहे. प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचणारी माणसं आठवड्याला दोन-तीन सहज फस्त करतात. मुखपृष्ठावर एक बाई आणि एक गुलाब, नाहीतर एक बाई आणि एक सुरी. नावंही अशी की एक झाकावं आणि दुसरं काढावं. घरी नेऊन चाळीस पानं वाचली की लक्षात येतं, अरेच्चा, ही तर झालीय आपली! म्हणून प्रत्येकाने आपापली खूण ठरवलेली असते. आमचे म्हातारे शिंपीकाका पन्नासाव्या पानाच्या कोपऱ्यात इवलीशी कात्री काढतात. दवाखान्यातली मोठी सिस्टर नवव्या पानाच्या आकड्याखाली दोन रेघा मारते. पुस्तक घेताना आधी आपलं पान उघडायचं, खूण दिसली की मुकाट्याने परत ठेवायचं. तीस वर्षं मी त्या काउंटरवर बसतेय. कोणाला काय द्यावं हे मी खुणा बघूनच सांगते. "काका, ते ठेवा, तुमची कात्री चाललीय त्याच्यावर," म्हटलं की काका खजील होऊन हसतात.

माझी थोरली बहीण, ताई, तिची खूण एकतिसाव्या पानावर असायची. आकड्याखाली एक टिंब आणि त्याला डावीकडे वळलेली बारीक शेपटी. पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं तरच ती खूण करायची. अर्धवट सोडलेल्याला नाही. त्या बाबतीत ती फार कडक होती.

ताई गेली त्याला आठ महिने झाले होते. एका सोमवारी मी एक नवी कादंबरी शिंपीकाकांना द्यायला काढली. शुक्रवारी दुकानातून आलेली, शिक्का मीच मारलेला, अजून कोणाच्याही नावावर न गेलेली. मध्ये दोन दिवस ती फक्त माझ्या घरी होती. सहज चाळली, आणि एकतिसाव्या पानावर टिंब आणि शेपटी होती.

मी ती काकांना दिली नाही. दुसरी दिली.

२

कादंबरी माझ्या घरी कशाला गेली होती, तेही सांगायला हवं.

शेवटची दोन वर्षं ताई माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची लोखंडी कॉट. शनिवारी वाचनालय एक वाजता बंद होतं. मी दोन पुस्तकं पिशवीत टाकून यायची, एक प्रेमाचं, एक खुनाचं, आणि खांद्यावरची पिशवी न उतरवता कॉटच्या पायथ्याशी उभी राहून शिफारस करायची. "हे बघ, यात एक नर्स आहे, तिचं दोघांवर प्रेम आहे आणि दोघांनाही तिने टाके घातलेत. पहिली वीस पानं कंटाळा येईल, सोडू नकोस. पुढे अशी काही गंमत आहे की चहा गार होईल." शेवट मात्र मी कधी सांगायची नाही. ताई म्हणायची, "तू वकील व्हायला हवी होतीस. खुन्यालाही चांगला म्हणून खपवशील." मग बोट जिभेला लावून पान उलटायची. पन्नास वर्षं मी त्यावरून तिच्याशी भांडले, पण ती बोट ओलं केल्याशिवाय पान उलटायची नाही.

ती गेल्यावरही मी शनिवारी दोन पुस्तकं आणत राहिले. का, ते विचारू नका. हातांना सवय होती. रिकाम्या कॉटसमोर उभी राहून शिफारसही करायची. वेडी म्हणा हवं तर. मी रडले नव्हते. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल कसा होतो, तशी मी अख्खी झाले होते. चावलं तरी कळू नये अशी.

तर ती खूण. मी स्वतःशी व्यवस्थित विचार केला. ताईची खूण वाचनालयातल्या सगळ्या जुन्या पुस्तकांत आहे, कोणीही उतरवून काढू शकतं. पण नवं पुस्तक कोणाच्या हातात गेलंच नव्हतं. मग मीच केली असेन का? झोपेत? पन्नाशी उलटलेल्या बाईला काय होईल सांगता येत नाही.

पुढच्या शनिवारी मी एक कोरी कादंबरी आणली, शिफारस केली, आणि तपकिरी कागदात बांधून, सुतळीला तीन गाठी मारून लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली पर्समध्ये, पर्स उशीखाली. सोमवारी सकाळी सोडली. गाठी माझ्याच होत्या. एकतिसाव्या पानावर टिंब होतं, शेपटी होती. आणि प्रत्येक पानाचा वरचा कोपरा किंचित फुगलेला होता, पाणी लागून सुकलेल्या कागदासारखा.

३

ठकी म्हणजे ताईची मुलगी. वय चोवीस. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिचे वडील लवकर गेले, तेव्हापासून मायलेकी माझ्याकडेच. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी ती इतकी ठेंगणी आणि गोलमटोल होती की ठकीच म्हणायचो, ते चिकटलं.

त्या दिवशी चहा घेताना मी विचारलं, "पुस्तकांत आईची खूण तू करतेस का गं?"

तिने कप खाली ठेवला. "मी? मला वाटलं तू करतेस."

"मी कशाला करू? आजचं तर कपाटात कुलूपबंद होतं."

"मग मी तरी कशाला? शाळा सुटल्यापासून मी पुस्तक हातात धरलेलं आठवतंय का तुला?"

"तुला कधीपासून माहितीये?"

"झाले असतील दोन महिने. धूळ पुसताना दिसलं. म्हटलं, मावशीला करमत नाही, करतेय तर करू दे."

तिने कप पुन्हा उचलला. मग ती म्हणाली, "कपाटाचं कुलूप नीट लागतं ना गं?"

"लागतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि आम्ही चहा संपवला.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं असंही नाही. एक सभासद वाढली असं म्हणा. मी दर शनिवारी शिफारस करत राहिले आणि दर सोमवारी खूण बघत राहिले. एकदा डोकं दुखत होतं, बोलण्याच्या भरात एका कादंबरीचा शेवटच सांगून बसले, की खुनी तो माळी. ते पुस्तक कोरं राहिलं. कोपरेसुद्धा कडक. ताईचं जिवंतपणीही तसंच होतं. शेवट फुटला की तिच्या लेखी पुस्तक मेलं. एकदा शेजारणीने असंच खुन्याचं नाव सांगून टाकलं, तर हिने ते गॅलरीतून खाली भिरकावलं होतं. भरपाई मी केली.

आणखी एक गोष्ट होत होती. तिची ताजी खूण असलेली पुस्तकं मी सभासदांना दिली की ती दोन दिवसांत परत यायची. शिंपीकाका म्हणाले, "काय हो हे? सगळं आहे यात, पण चव नाही. कोणी चोखून टाकल्यासारखं." सिस्टर म्हणाली, "वाचलं, पण काय वाचलं ते विचारू नका, आठवत नाही." मी म्हटलं, हल्ली लिहिणारेच तसे झालेत.

४

आणि मग ठकी लिफ्टमध्ये अडकली.

तिचं दुकान चौथ्या मजल्यावर. दुपारी जेवून वर जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. चाळीस मिनिटं. बाहेरून आवाज आला, "आत किती जण आहात?"

"मी एकटीच."

"मग चिंता नको. एवढी हवा एकटीला दोन दिवस पुरेल."

"तुम्ही लिफ्ट दुरुस्त करायला आलाय की घाबरवायला?"

कुठलातरी भाग गोदामातून यायचा होता. तोवर तो दाराच्या फटीशी बसून तिच्याशी गप्पा मारत राहिला. ठकीने अर्ध्या तासाने त्याला सांगितलं, "तुमचा डावा डोळा कमजोर आहे. मघापासून फटीला उजवाच लावताय." दुसऱ्या दिवशी तो डोळे तपासून घ्यायला दुकानात हजर. डावा खरंच कमजोर निघाला.

हे सगळं तिने मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं, फटीला डोळा लावल्याची नक्कल करत. मी हसले. ताई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं, आणि तो आवाज इतका अनोळखी वाटला की मीच दचकले.

लिफ्टवाल्यात एक खोट होती. बुधवारी दुपारनंतर त्याचा फोन बंद. कुठे जातो, सांगत नाही. "विचारलं की नुसता हसतो," ठकी म्हणाली. "म्हणतो, सांगेन, एवढ्यात नको. दुसरी बायको असेल का गं?"

"दुसरी कशी? पहिली कुठेय?"

"मावशी!" तिने मला चापट मारली.

रात्री फोनवर बोलायला मोकळीक हवी म्हणून ती आतल्या खोलीतून बाहेर, आईच्या कॉटवर झोपायला गेली. मी तिची उशी बाहेर नेऊन दिली. ताईचं शेवटचं शहाणं वाक्य मला पाठ होतं. "माझ्या पोरीचं तेवढं नीट होऊ दे. बाकी मला काही नको." मी हो म्हटलं होतं. मला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही. जगात माझं म्हणण्यासारखं आता ठकीशिवाय कोणी नव्हतं. तिचं नीट व्हावं एवढीच एक इच्छा माझ्या बधिर अंगात कुठेतरी जागी होती.

५

चूक मी केली ती पुढच्याच शनिवारी.

वाचनालयात वाळवी लागली होती. औषध मारायचं म्हणून शुक्रवारपासून सगळं बंद, पुस्तक बाहेर काढायची सोय नाही. औषधवाल्यांवर देखरेख करून मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. ठकी दुकानात. दुपारचा दीड. सवयीने कॉटच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले, आणि हातात काहीच नाही. मला कसंतरीच झालं. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने गेल्यासारखं.

म्हणून मी म्हटलं, "ताई, आज पुस्तक नाही. पण एक गोष्ट आहे. अगदी नवीकोरी. प्रेमाची आणि रहस्याची एकातच. सुरुवात होते लिफ्टमध्ये. नायिका तुझ्या चांगल्या ओळखीची आहे, जिभेने तिखट, तुझ्यावर गेलीय. नायकाचा एक डोळा कमजोर. आणि बुधवारी तो कुठे जातो ते कोणाला कळत नाही. कंटाळा कुठेच नाही गं, पहिल्या पानापासून पकड आहे. शेवट सांगणार नाही. खरं तर मलाच माहीत नाही."

मी हे आईला मुलीची बातमी द्यावी तसं सांगितलं नाही. तीस वर्षं काउंटरवर बोलते तसं बोलले. आवाज चढवला, मध्ये थांबले, शेवट राखून ठेवला. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

कॉट करकरली. मी म्हटलं, ऊन आहे, लाकूड तापलं की वाजतं. कॉट लोखंडी आहे हे मला नंतर, तांदूळ धुताना आठवलं.

वाचनालय उघडल्यावर मी नेहमीसारखी दोन पुस्तकं आणली. सोमवारी दोन्ही कोरी. पुढच्या आठवड्यातही कोरी. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, संपलं सगळं. ताई दुसरं काही वाचत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

६

शिंपीकाकांची सून एकदा घरी आली होती. मी कौतुकाने म्हटलं, "ठके, सांग ना हिला ते डाव्या डोळ्याचं."

"कसला डावा डोळा?"

"अगं, लिफ्टमधलं."

ठकीने माझ्याकडे पाहिलं. लाजत नव्हती, चेष्टा करत नव्हती. समोरच्याला आपलं नाव आठवत नसलं की आपण कसं सांभाळून घेतो, तशी हसली. "तूच सांग. तू छान सांगतेस."

मी सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी.

दगदग, म्हटलं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत उजेड मारायचा, डोकं किती चालणार? डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक, गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊनही ती ताट पुढ्यात घेऊन बसून राहायची. जेव म्हटलं की जेवायची.

मग एका दुपारी काउंटरशी एक उंच मुलगा येऊन उभा राहिला. नखांत काळं तेल, हातात हेल्मेट, नवा चष्मा.

"तुम्ही मावशी ना? मी... लिफ्टवाला."

"कळलं ते. बसा."

"बसत नाही. ती बरी आहे ना?"

"का?"

त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "महिन्यापूर्वी एकदा मला विचारते, आपली ओळख कुठे झाली हो? मला वाटलं गंमत करतेय. म्हटलं, लिफ्टमध्ये. तर म्हणाली, मी कधीच लिफ्टमध्ये अडकले नाही. मागच्या आठवड्यात आमचं पहिलं फिरायला जाणं विसरली. त्याच्या आधी चष्म्याची फ्रेम तिनेच निवडून दिलेली, ते." तो माझ्याकडे आशेने बघत होता. "भांडली असती तर समजलं असतं मला. भांडत नाही. मी सांगतो आणि ती अच्छा म्हणते."

"आधी काय विसरली म्हणालात? क्रमाने सांगा."

त्याने बोटांवर मोजलं. लिफ्ट. मग दुसऱ्या दिवशीची डोळ्यांची तपासणी. मग फ्रेम. मग फिरायला गेले ते. पहिल्यापासून, एकेक करत, एकही न गाळता.

"मी बघते तिच्याकडे," मी म्हटलं. तो गेला. मागे उभ्या असलेल्या सिस्टरने पुस्तक परत टाकलं आणि म्हणाली, "हेही तसलंच निघालं हो. सपक." मी एकतिसावं पान उघडलं, टिंब आणि शेपटी बघितली, आणि मला भीती वाटली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे.

७

रविवार होता. दुपारचे तीन. ठकी जेवून बाहेर कॉटवर आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून, गळ्यापर्यंत चादर घेऊन. मी स्वयंपाकघरात डबे पुसत होते.

आवाज अगदी बारीक होता. सुळ्ळ, आणि मग शांतता. पुन्हा सुळ्ळ. वाऱ्याने पडदा हलत असेल म्हणून मी डबा पुसत राहिले. पण वारा असा मोजून येत नाही. मी न ठरवताच आकडे म्हणायला लागले होते. दोन वर्षं त्याच स्वयंपाकघरात, तेच डबे पुसताना, बाहेरून इतक्याच अंतराने पान उलटल्याचा आवाज यायचा.

मी फडकं हातात घेऊनच दारात गेले.

पडदे ओढलेले होते, उजेड पिवळट. ठकी तशीच पडून होती. चादर आता गळ्यापर्यंत नव्हती. पायाकडून ती एकावर एक दुमडत कमरेपर्यंत आली होती, इस्त्रीवाल्याने घातल्यासारख्या सरळ घड्या. प्रत्येक घडीच्या कोपऱ्यावर एक ओलसर डाग, बोटाच्या टोकाएवढा. आणि कॉटच्या कडेला, तिच्या पाठीशी, गादी दबलेली होती. माणूस बसल्यावर दबते तेवढी.

मी बघत असताना चादरीचा कोपरा उचलला गेला. थोडा वर आला. थांबला. तिथे अंधार जरा दाट होता की माझ्या डोळ्यांत तसं आलं, ते मी सांगू शकत नाही. मग घडी पलीकडे पडली. सुळ्ळ.

ताई कशी वाचते ते मला माहीत होतं. अर्धं होईपर्यंत चवीचवीने, आणि अर्ध्यानंतर धरवत नाही म्हणून एका बैठकीत. अर्धं झालं होतं. वाचून झाल्यावर ती काय करते तेही मला माहीत होतं. आणि खूण केलेल्या पुस्तकांत काय उरतं, ते मी महिनोन्‌महिने सभासदांच्या तोंडून ऐकत आले होते.

"ताई," मी म्हटलं, "शेवट सांगते."

कोपरा हवेत थांबला.

"ती त्याच्याशी लग्न करत नाही. दोघांचं फिसकटतं. कारणबिरण काही नाही, असंच. बुधवारचं कोडं सुटत नाही, तो कुठे जायचा ते कोणालाच कळत नाही. पोरगी कुठे जात नाही. इथेच राहते, माझ्याजवळ. सकाळी दुकानात जाते, संध्याकाळी येते. पुढे काही होत नाही. शेवटच्या पानापर्यंत काहीच होत नाही."

खोलीत इतकं शांत झालं की नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं. मग कोपरा सुटला. अलगद नाही, फेकल्यासारखा. गादी हळूहळू वर आली.

मी भिंतीला टेकून खाली बसले. शेवट फोडायचा होता, कुठलाही चालला असता. लग्न होतं, दोन मुलं होतात, लिफ्टचं मोठं दुकान निघतं, असं सांगितलं असतं तरी तिने भिरकावलंच असतं. मग माझ्या तोंडून हाच का आला, याचं उत्तर मी अजून शोधतेय. खरं म्हणजे शोधत नाही. मला ते माहीत आहे.

८

या गोष्टीला आता चार महिने झाले.

ठकी बरी आहे. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. गेलेलं परत आलं नाही, पण पुढचं काही गेलंही नाही. लिफ्टवाला दोनदा वाचनालयात येऊन गेला, मग यायचा थांबला. आता त्याच्या जागी दुसराच माणूस लिफ्ट बघायला येतो म्हणे. मी पुस्तकं घरी आणत नाही. शनिवारी एक वाजता बाहेर पडते आणि बाजारात उगाच फिरत बसते. कॉट विकून टाकू, असं मी एकदा सुचवलं. ठकी म्हणाली, "राहू दे, सवय झालीय."

काल ती दुकानातून आली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर भाजी निवडायला बसली.

"मावशी, त्या रविवारी मी जागी होते," ती म्हणाली.

माझा हात थांबला. "कुठल्या रविवारी?"

"तू दारात उभी राहून बोलत होतीस. पोरगी कुठे जात नाही म्हणालीस. माझ्याजवळ राहते म्हणालीस." ती देठ खुडत होती, मान वर न करता. "मला वाटलं तू मलाच सांगतेयस. समोरासमोर बोलायला जड जात असेल म्हणून मी झोपलेय असं बघून. आई गेली, आता मी पण गेले तर तू एकटी काय करशील, असं आलं मनात. म्हणून मी त्याला नाही म्हटलं."

"तू नाही म्हटलंस?"

"हो. तो रडला. मला फार वाईट नाही वाटलं. वाटायला हवं होतं ना?" तिने माझ्याकडे पाहिलं. "कधीकधी वाटतं त्याला फोन करावा. बुधवारी कुठे जायचा तेवढं तरी विचारावं. करू का?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. फार नाही. पण चार महिन्यांत ते मी पाहिलं नव्हतं, आणि माझा जीव इतका कळवळला की मला वाटलं, आता हिला उठवून, चपला घालून, हाताला धरून त्याच्या दारात नेऊन सोडावं. कर गं फोन, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

बाहेरच्या खोलीत कॉट करकरली. कूस बदलून कोणी कान द्यावा, तशी एकदाच. मी सांगितलेला शेवट खोटा निघाला, तर गोष्ट तिला पुन्हा कोरी होणार होती.

ठकीला ते ऐकू आलं नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"मी केलं ते चुकलं का गं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरं केलंस. फोन नको करूस."

"अच्छा," ठकी म्हणाली, आणि पुढची जुडी सोडायला घेतली.